दिव्याखालची काच

प्राणी विकणाऱ्या दुकानांच्या परवान्यांवर शिक्का मारणारे साहेब, चूक तुमची आहे. दुकानदाराचीही आहे आणि काचवालीचीही आहे, ते पुढे येईलच, इथे कुणाला पाठीशी घालायचं नाही. पण पहिला नंबर तुमचा. तुम्ही दुकानाचा दरवाजा किती रुंद आहे ते मोजलंत. आग विझवायचं नळकांडं भिंतीवर आहे की नाही ते पाहिलंत. पाटीवरची अक्षरंसुद्धा तपासलीत. पण जो जीव विकला जातोय त्याला जगायला काय लागतं, हे घेणाऱ्याला कुणी सांगतं का, एवढं विचारायला तुमची जीभ उचलली नाही. आता त्यापायी एका घरात काय झालं ते बसून ऐका.

काचवालीचं दुकान खाली आणि घर वर. धंदा बापाकडून आलेला. हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने, एक रेघ, खालून एक टिचकी, की हातभर काच सुतासारखी सरळ दुभंगायची. बापाने हिरकणीसोबत एक नियमही दिला होता: काचेच्या दुकानात शेपूट नको. तिच्या लहानपणी एका मांजराने उभ्या लावलेल्या काचा ओळीने खाली आणल्या होत्या, तेव्हापासूनचा हा कायदा. म्हणून पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत बाईने कुत्रं पाळलं नाही, मांजर पाळलं नाही, पोपटसुद्धा नाही. लोकांच्या कुत्र्यांना रस्त्यात थांबून थांबून कुरवाळायची आणि हात धुऊन कामाला लागायची.

मग एके दिवशी ती प्राण्यांच्या दुकानात फुटलेली काच बदलायला गेली. कड साफ करत होती, तोच शेजारच्या पेटीतून कुणीतरी तिला हात केला.

खरोखर हात केला. वीतभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा, हनुवटीखाली काट्यांची दाढी असलेला एक सरडा दगडावर बसला होता, आणि पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवत होता. काचवालीने इकडे तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. तिनेही हात केला.

"बिअर्डेड ड्रॅगन," दुकानदार मागून म्हणाला. "दोन महिन्यांचा आहे, ताई. तुम्हाला मान देतोय."

"उड्या मारतो का?"

"छे! पडून असतो."

"काचा फोडतो?"

"ओरखडासुद्धा नाही. सोप्पा प्राणी आहे हो. पेटी, दिवा, पाला, किडे. झालं! लहान मूलसुद्धा सांभाळेल."

काचवाली पेटीसमोरून हलेना. शेपूट होती, पण जागच्या जागी राहणारी शेपूट! बाप असता तर त्यालाही पळवाट मान्य करावी लागली असती. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "हा माझा. पण आज नेत नाही. आधी घर बांधते."

दुकानदाराने तिला तळहाताएवढी चिठ्ठी दिली. चार फूट लांब पेटी, एका टोकाला तापायचा दिवा, उन्हासारखा उजेड देणारी नळी दहा-बारा तास, वर झाकण. पाला, किडे, कॅल्शियमची भुकटी. एवढंच. चिठ्ठी संपली.

पुढचे अकरा दिवस लोकांचे आरसे दुकानात धूळ खात पडले आणि काचवाली गुणगुणत पेटी बनवत होती. वर राहणारे तिचे सासरे, मामंजी, जिन्यावर बसून बघायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि डोळ्याला भिंग लावायची सवय अजून सुटलेली नाही.

"सूनबाई, सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," ते म्हणाले. "तू तर कुंपणच महालासारखं करतेयस."

"मामंजी, पहिल्यांदा पाहुणा येतोय माझ्याकडे. उगाच कसंतरी कसं करू?"

झाकणाची वेळ आली तेव्हा मामंजींनी विचारलं, "जाळी लावतेस?"

"जाळी? काचवालीच्या घरात जाळी? लोक तोंडात शेण घालतील!"

तिने गोदामातली सगळ्यात भारी काच काढली. दोन पातळ काचा आणि मध्ये चिकट पडदा, म्हणजे उन्हाची नळी वरून निसटून पडली तरी काचेचा कण पाहुण्याच्या अंगावर जाणार नाही. कडा घासल्या. हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं पाडली. तापायचा दिवा आत तारेच्या टोपीत बसवला आणि उन्हाची नळी झाकणावर आडवी ठेवली. पेटी इतकी देखणी झाली की मामंजी म्हणाले, "यात मीच जाऊन बसतो."

पाहुणा आला. आल्या आल्या मामंजींची दाढी बघून त्याने स्वतःची दाढी फुगवली आणि काळी केली.

"अरे वा! मला डोळे दाखवतो?" मामंजी खूष झाले. "या घरात दाढीचा मान माझा. हा धाकटा."

झालं. तो धाकटे झाला.

आणि काय सांगावं! घरातलं घड्याळच बदललं. सकाळी सातला मामंजी नळी लावणार, संध्याकाळी सातला बंद करणार, मिनिटाचा फरक नाही. रातकिडे विकत आले. धाकट्यांच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही, असं मामंजींनी कुठूनसं वाचलं आणि प्रत्येक किडा भिंगाखाली मोजायला घेतला. त्या मोजण्याच्या नादात डबा उघडा राहिला आणि रातकिडे खाली दुकानात पसरले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आरसा न्यायला आलं आणि दचकून मागे झालं.

"अहो, तुमचा आरसा गातोय!"

"नवीन प्रकार आहे," काचवाली गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "गाण्याचे जास्त घेत नाही."

धाकटे किड्यामागे धावले की दोघं लहान मुलांसारखे ओरडायचे. त्याने हात केला की काचवाली हातातलं काम टाकून हात करायची. जहाजावर कामाला असलेला नवरा फोनवर म्हणाला, "मी निघालो तेव्हा तर तू मला हात केला नव्हतास." ती म्हणाली, "तुम्ही दगडावर बसता का?"

असे दोन महिने गेले. आणि मग धाकट्यांनी हात करायचं सोडलं.

आधी वाटलं, माणसाळला. मग तो पोट घासत चालायला लागला. रातकिडा नाकासमोरून जायचा आणि धाकटे नुसते बघायचे. काचवालीने दुकानदाराला फोन लावला.

"हिवाळ्याची झोप असेल, ताई. झोपतात हे प्राणी."

"चार महिन्यांचं पोर?"

"हो हो, झोपतात. काळजी करू नका."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या शब्दावर बाईने आठ दिवस घालवले. नवव्या दिवशी मामंजींनी भिंग लावलं आणि बराच वेळ खाली वाकून राहिले. घड्याळाचा काटा अडखळला की ते असेच वाकायचे.

"सूनबाई, याची बोटं थरथरतायत. आपोआप. आणि हे जबड्याचं हाड बघ, वाकल्यासारखं दिसतंय."

काचवालीने दुकानाला कुलूप लावलं. पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो." शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टरीणबाई सापडल्या. गरम पाण्याची पिशवी ठेवलेल्या खोक्यात धाकट्यांना घेऊन दोघं तिथे पोचले. डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा दोन बोटांत हळूच दाबला. जबडा दबला. हाड असं दबत नाही.

"उन्हाची नळी आहे घरी?"

"आहे."

"जुनी?"

"नवी. बारा तास. हे घड्याळ लावून बघतात."

"कॅल्शियम?"

"रोज, पाल्यावर."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मग असं व्हायला नको. नळी आणि याच्यामध्ये काय आहे?"

"काच," काचवाली म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही तिच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. "साधी नाही हो. मोठ्या कपड्यांच्या दुकानांना मी लावते ती. तिच्यामुळे कपड्यांचा रंग उडत नाही, कारण उन्हातलं जे..."

हे वाक्य तिने हजार वेळा म्हटलं होतं. गिऱ्हाइकासमोर काचेवर टिचकी मारून म्हटलं होतं: उन्हातलं जे रंग खातं, ते ही काच आत येऊ देत नाही. आणि धाकट्यांची हाडं त्याच्यावरच उभी राहणार होती.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"ते साध्या काचेतूनसुद्धा जवळजवळ येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची काच तर त्याहून शहाणी. दोन महिने याला नुसता उजेड मिळाला, ऊन मिळालंच नाही. अंगात कॅल्शियम धरलंच जात नव्हतं, म्हणून शरीराने हाडांतलं काढून खाल्लं."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या बाईने स्वतःच्या हाताने मापून, कापून, कडा घासून त्या जिवाच्या डोक्यावर बसवला होता. सगळ्या शहरात ही चूक इतक्या भारी काचेने करू शकेल असं एकच माणूस होतं, आणि खरं ज्ञानही त्याच माणसाच्या तोंडी होतं. खुर्ची पुढे करून मामंजी म्हणाले, "बस." ती बसली नाही.

"वाचेल?"

"हाडं मऊ झालीत, मोडलेली नाहीत. औषध देते. काच आजच काढा. बाकीचं तीन आठवड्यांनी विचारा."

घरी येऊन तिने आयुष्यात पहिल्यांदा जाळी कापली. जन्म काचेत गेलेल्या हातांना तारा टोचल्या, रक्त आलं, फिकीर नाही. नळी बरोबर किती अंतरावर टांगायची ते डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, ते मामंजींनी तीनदा मोजलं. सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब. धाकट्यांना चढावं लागू नये म्हणून दगड काढून खाली सपाट फरशी. कोवळ्या उन्हात गच्चीवर जाळीची टोपली, अर्ध्यावर सावली, आणि शेजारी मामंजी छत्री घेऊन पहाऱ्याला. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात बोटांची थरथर थांबली, पण पोट जमिनीलाच. काचवाली गिऱ्हाइकाशी बोलता बोलता जिन्याकडे बघायची. एकदा तर चुकीच्या मापाची खिडकी कापली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी ती खाली आरशाला चौकट बसवत होती आणि वरून आरोळी आली.

"सूनबाईऽऽ! धाव!"

तिने चौकट तशीच टाकली. एकेक पायरी गाळत ती वर गेली. मामंजी पेटीसमोर गुडघ्यांवर होते आणि बोट दाखवत होते. फरशीवर एक रातकिडा फिरत होता. धाकट्यांनी मान उचलली. मग पुढचे दोन पाय ताठ केले. मग मागचे. पोट जमिनीवरून सुटलं, बोटभर, दोन बोटं. डावीकडे किंचित तोल गेला, सावरला. आणि धावला! वेडावाकडा, शेपटी इकडे तिकडे फेकत, पण धावला, आणि कचकन रातकिडा गट्टम!

"खाल्ला!" काचवाली किंचाळली.

"मापाचा होता!" मामंजी ओरडले. "मी मोजला होता!"

दोघं हात धरून नाचले. सासरा आणि सून, एक सत्तर पार केलेला आणि एक अंगाला काचेची भुकटी लागलेली. खालून गिऱ्हाईक विचारत होतं, "काय झालं हो? कोण आलं?" काचवाली जिन्यातून ओरडली, "धाकटे उठले!" गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, तरी त्याने टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो काढला. हाडं भरत होती. जबडा मात्र थोडा वाकडाच राहणार, जन्मभर. आणि हा जन्म दहा-बारा वर्षांचा असतो, कधी जास्तही. हेसुद्धा त्या चिठ्ठीवर नव्हतं.

त्या आनंदातच काचवाली दुकानदाराकडे गेली, सांगायला की बाबा रे, एवढं तरी लोकांना सांग. तिथे नवीन पेटीत तीन पिल्लं होती. एका पिल्लासमोर एक बाप आणि त्याची मुलगी नाचायच्या बेतात उभे होते, आणि दुकानदार म्हणत होता, "सोप्पा प्राणी आहे हो." हातात तीच तळहाताएवढी चिठ्ठी. काचवालीने बाप-लेकीला बाहेर बोलावून अर्धा तास सगळं सांगितलं. मुलीचा आनंद तसूभर कमी झाला नाही. उलट तिने नवीन प्रश्न विचारले. सांगितलं म्हणून कुणाची हौस मरत नाही.

तिथून ती सरळ तुमच्या कार्यालयात आली, साहेब. हातात दुकानदाराला द्यायला आणलेला पानभर कागद, मामंजींच्या मोत्यासारख्या अक्षरातला. नळी आणि प्राणी यांच्यामध्ये काच नको. नळी दिसायला जळत असली तरी वर्षाच्या आत बदला. पिल्लाखाली वाळू नको, पोटात गेली तर अडकते. एका पेटीत एकच. हाताळलं की हात धुवा. बोटं थरथरली तर झोप समजू नका, दवाखाना गाठा. आणि हा प्राणी बघणारा डॉक्टर कुठे आहे, ते पिल्लू घेण्याआधी शोधा.

तुमच्या कारकुनाने कागद वाचलासुद्धा नाही. "या प्राण्याचा रकाना आमच्याकडे नाही."

"परवाना दिलात तेव्हा रकाना लागला नाही?"

"बाई, काच तुमची, बसवली तुम्ही. आम्ही काय करणार?"

"काच माझी, चूक माझी," काचवाली म्हणाली. "मी ती काढली, जाळी लावली, एकोणीस दिवस जिवाला घोर लावून घेतला. माझ्या चुकीचं मी केलं. तुमच्या चुकीचं तुम्ही काय करणार?"

कारकुनाने आतल्या दाराकडे बघितलं. म्हणजे तुम्ही आत होतात, साहेब. दार लोटलेलं होतं, खाली फटीतून तुमचे बूट दिसत होते.

काचवालीने कागद खिडकीतून आत सरकवला आणि लोटलेल्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

"त्या दुकानातली उरलेली पिल्लं विकली जायच्या आधी हा कागद घेणाऱ्याच्या हातात पडणार की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी उभी आहे."