तामादा आणि एकतीस नोए

कारामानला हुकूमशहा मीच केला, असं माझी बायको पेलो म्हणते. ते अगदीच खोटं नाही.

आमच्या लग्नात तामादा ऐन वेळी तापाने आडवा झाला. तामादा म्हणजे पंगतीचा राजा. तो शुभेच्छा बोलून पेला उचलत नाही तोवर कुणी घोट घ्यायचा नाही, गा म्हणाला की गायचं, गप्प म्हणाला की गप्प. घाईघाईत दुसरा कोण मिळणार? मी गिरणीवाल्याच्या कारामानला उभं केलं. वय बावीस, अंगातला सदरा उसना, पण आवाज खणखणीत. पहिल्याच शुभेच्छेत तो मुद्दाम मध्येच थांबला. साठ माणसं पेले हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यात माझा सासराही होता. कारामानने सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. त्या दिवशी त्याला जी चव लागली, ती लागलीच.

आधी तो द्राक्षमळेवाल्यांच्या संघाचा चिटणीस झाला, मग जिल्ह्याचा, मग थेट राजधानीत गेला. त्याच्या वरची माणसं एकेक करून आजारी पडत गेली. पुढे पुढे ती जुन्या फोटोंतूनही गेली. वीस वर्षांत अख्खा देश त्याची पंगत झाला. त्याने सांगितल्याशिवाय कुणी बसेना, उठेना, हसेना. शाळेच्या पुस्तकात धडा आला, की देशपिता कारामान वयाच्या तिसऱ्या वर्षी वाचायला शिकले.

माझा धाकटा भाऊ नोए गावात मास्तर. तो धडा शिकवताना त्याला हसू आवरेना. "अरे, माझ्याच वर्गात होता तो," पोरांना म्हणाला. "गणितं माझ्या पाटीवरून उतरवायचा." दुसऱ्या दिवशी त्याला खाणीवर दगड फोडायला नेलं. चार वर्षं झाली, पत्र नाही की निरोप नाही. तो जिवंत आहे का, एवढंच कुणी सांगितलं असतं तरी मी त्याचे पाय धरले असते.

मग पन्नासाव्या वाढदिवसाला देशपिता आमच्या गावात जेवायला यायचे ठरले. मेज आमच्याच अंगणात.

"तामादा देशपिता स्वतःच होतील," त्यांचा सचिव मला म्हणाला.

"मानाचा पाहुणा तामादा होत नाही, साहेब. हवं तर त्यांना विचारा."

सचिवाचा चेहरा उतरला. त्यांना विचारायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण कारामानने मागून ऐकलं होतं. "ओतिया म्हणतो ते बरोबर आहे," तो हसून म्हणाला. "रीत म्हणजे रीत. तूच हो तामादा." रेडिओवाले सगळा समारंभ थेट ऐकवत होते. देशपिता रीत पाळतात हे देशाला कळलेलं त्याला हवंच होतं.

चीज भरलेल्या खाचापुरीचे थाळे आले, अक्रोड भरलेली वांगी आली. शांततेसाठी प्यालो, देशासाठी प्यालो, लेकरांसाठी प्यालो. मग मी बैलाचं मोठं शिंग वाइनने काठोकाठ भरलं आणि ते कारामानच्या हातात दिलं. "आता जे या पंगतीत असायला हवे होते आणि नाहीत, त्यांच्यासाठी. देशपित्यांनी बोलावं."

तामादाने सोपवलेली शुभेच्छा नाकारता येत नाही. शिंगाला बूड नसतं, त्यामुळे ते रिकामं केल्याशिवाय खालीही ठेवता येत नाही.

"कोण रे नाही इथे?" कारामानने विचारलं.

"नोए."

साठ माणसं पेले धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि रेडिओवर सगळा देश कान लावून बसला होता.

"नोए लवकर घरी येवो," तो म्हणाला आणि शिंग रिकामं केलं. ते परत देताना माझ्या कानाशी वाकला. "पुढच्या खेपेला मी तुला जेवायला बोलावीन हं, ओतिया." मला दरदरून घाम फुटला. ते बोलावणं अजून आलेलं नाही.

राजधानीत मात्र पंचाईत झाली. हुकूम सुटला खरा, पण कोणता नोए? देशपित्याला विचारायची कुणाची छाती होईना, आणि चुकीचा नोए सोडला तर मान जाणार.

नवव्या दिवशी भर दुपारी दारात दोन लॉऱ्या उभ्या राहिल्या.

"एकतीस," अधिकारी म्हणाला. "देशातल्या तुरुंगांतले सगळे नोए. इथे सही करा."

"अहो, पण माझा भाऊ एकच आहे."

"यातला कोणता, ते आम्हाला सांगू नका." आणि तो लॉऱ्या घेऊन जवळजवळ पळालाच.

माझा नोए सर्वांत शेवटी उतरला होता, वाळून काटकी झालेला. "वहिनी," तो पेलोला म्हणाला, "वांगी आहेत का?" पेलो पदराने डोळे पुसत त्याला शिव्या घालू लागली.

एकतीस भुकेली माणसं. शेजारपाजारचे थाळे गोळा झाले, मेज पुन्हा मांडलं, आणि अर्थात मीच तामादा. पहिला पेला घरी परतलेल्यांसाठी. एक उंच माणूस मात्र पेल्याला हात लावीना.

"तामादा, मी नोए नाही," तो खाली बघत म्हणाला. "मी झाकारिया. आमच्या तुरुंगातला नोए माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा. जानेवारीत गेला. परवा त्याचं नाव पुकारलं आणि कुणीच उठेना, मग मी उठलो. आता त्याच्या आईला काय सांगू?"

मला रडू आलं.

"आधी जेव," मी म्हणालो. "उद्या आपण दोघं जाऊ तिच्याकडे."

मग त्या नोएच्या नावाने पेला उचलायला मी उठलो, तर सगळे माझ्या आधीच उभे राहिले होते.