दगड म्हणतो ती हद्द

माझ्या नवऱ्याला, फिलाग्रोसला, राग येत नाही असं नाही. येतो, पण किती यावा हे ठरत नाही. अथेन्सच्या वेशीबाहेर झाडांखाली एक गुरुजी शिकवतात, तिथून त्यानं हे खूळ घरी आणलं. राग योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य मापात हवा. कमी पडला तर माणूस मेंगळट, जास्त झाला तर आततायी. ऐकायला छान आहे, पण गुरुजींच्या शेजारी स्मिक्रिअस राहत नाही.

स्मिक्रिअसच्या आणि आमच्या शेतांच्या मध्ये हद्दीचा दगड आहे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यावर दगडाच्याच तोंडचे शब्द कोरलेत: मी हद्द आहे. वसंतात तो दगड आमच्या कांद्यांच्या पलीकडच्या कडेवरून सरकून अलीकडे आला. फिलाग्रोस भांडायला निघाला, उंबऱ्यावर थांबला आणि तिथेच रागाचं माप काढत बसला. बार्ली कापून होईपर्यंत दगड विहिरीच्या अलीकडे आला होता.

शेवटी मीच गावच्या मुखियाला बोलावून आणलं. त्यानं वाकून दगड वाचला आणि मजकूर अगदी स्पष्ट असल्याचं जाहीर केलं.

स्मिक्रिअस नम्रपणे म्हणाला, "दगड स्वतः सांगतोय, वहिनी. त्याच्यापुढे मी कोण?"

"कांद्यांपाशी होता तेव्हाही हेच सांगत होता की," मी म्हणाले.

"तेव्हा हद्द तिथे होती," मुखिया म्हणाला. जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा थोडंसं पटलं.

मग एके सकाळी दगड माझ्या अंजिराच्या अलीकडे दिसला. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे झाड लावलं. त्याची अंजिरं वाळवून आमचा हिवाळा निघतो, आणि त्या दिवशी ती उतरवायला आली होती. स्मिक्रिअस टोपली घेऊन झाडावर चढतच होता. मी नवऱ्याला हाका मारल्या.

"माणूस योग्य आहे," उंबऱ्यावरून तो म्हणाला. "वेळही योग्य वाटते. माप तेवढं बघतोय."

"अहो, तो झाडावर चढलाय."

"मग माप वाढवावं लागेल," असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागला.

मी दगडाला हात घातला. हलवून हलवून उपटला, पोटाशी धरला आणि तडक स्मिक्रिअसच्या घराकडे निघाले. दगड त्याच्या चुलीपाशी ठेवायचा, त्यावर बसायचं आणि त्याच्याच मसुरीचं कालवण करून खायचं, असं माझं ठरलं होतं. स्मिक्रिअस वरून ओरडत राहिला, पण भरली टोपली सोडून त्याला उतरवेना. विहीर मागे पडली, बार्लीचं रान मागे पडलं, आणि कांद्यांच्या कडेला माझ्या हातातलं बळ संपलं. दगड निसटला आणि एका खड्ड्यात घट्ट बसला. तो त्याचा मूळचा खड्डा होता. स्मिक्रिअसनं आळसापोटी तो कधी बुजवलाच नव्हता.

आरडाओरडा ऐकून मुखिया आला, वाकला आणि त्यानं पुन्हा सगळं वाचून काढलं. मग परक्याच्या झाडावर काय करतोस, असं त्यानं स्मिक्रिअसला दरडावून विचारलं. स्मिक्रिअस उतरला आणि टोपली गुपचूप माझ्या पुढ्यात ठेवून गेला.

फिलाग्रोसचा आनंद गगनात मावेना. "योग्य माणूस, योग्य वेळ, आणि माप तर तंतोतंत! अगं, हे साधलंस कसं?"

"मला त्याच्या चुलीपर्यंत जायचं होतं. हात भरून आले."

त्यावर त्यानं बराच विचार केला. हात भरून येणं हे बुद्धीचं काम मानावं की नाही, हे उद्या गुरुजींना विचारतो म्हणाला. माझे दंड ठणकत होते. ते चोळून द्यावेत, हे काही त्याला सुचलं नाही.

तेव्हा मला त्याचा राग आला. मोजायला मी थांबले नाही. टोपली उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि सगळी अंजिरं घराच्या धाब्यावर नेऊन वाळत घाला म्हणाले. तो निमूट शिडी चढला.