मुळाशी पांढरा केस

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. बुटांना पॉलिश करायचा. माझी पाठ शिसवी लाकडाची आणि केस डुकराचे, राठ नि दाट. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला बनवलं, त्याने मला स्वतःच्या बुटावर फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "झक्कास! याने दगडसुद्धा चमकेल." मी कसला फुशारलो होतो म्हणून सांगू! कुणाचे तरी बूट लख्ख करायचे, एवढीच माझी हौस होती.

पण मला विकत घेतलं एका दलालाने, आणि हा दलाल माणसं विकायचा. हो, बरोबर वाचलंत, माणसं! त्याच्या आवारात बायका, पुरुष, पोरं ओळीने उभी करत. गिऱ्हाईक येऊन त्यांचे दात बघे, दंड चाचपे. शी! तरण्या माणसाला भाव जास्त. म्हणून दलालाने तेलात काजळी कालवली आणि पिकल्या केसांना ती फासायचं काम माझ्याकडे आलं. दलालाचा मुकादम मला काजळीच्या कुबट डब्यात बुचकळायचा आणि घोड्याला खरारा करावा तसा माणसांच्या डोक्यांवर खसाखसा घासायचा. दलाल लांबून बघून म्हणायचा, "वा! दहा वर्षं उतरली की रे!" असलं कौतुक कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

एकदा त्या आवारात एक धोबीण आणि तिची लहानगी लेक आली. त्यांचा मालक वारला होता, आणि त्याच्या मुलांनी घरातल्या खुर्च्या-टेबलांबरोबर या दोघींनाही विकायला काढलं होतं. एका बंगल्याची मालकीण सकाळीच लेकीला पसंत करून गेली. आईला घ्यायचं की नाही, ते ती दुपारी ठरवणार होती. "म्हातारी असली तर मुळीच नको हं," असं बजावूनही गेली.

इतरांची डोकी मुकादमाला दाबून धरावी लागत. धोबीण मात्र आपणहून खाली बसली.

"दादा, कानामागे पण लाव. एकही पांढरा ठेवू नकोस. पाया पडते तुझ्या."

"अगं हो, लावतोय ना! हलू नकोस."

लेक समोर बसून बोट दाखवत होती, "दादा, इथे राहिलाय. इथे पण."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून काम केलं. माझं हे घाणेरडं काम एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडावं, असं मला फार वाटत होतं.

मालकीण आली. तिने धोबिणीचा जबडा उघडून पाहिला, तळहात उलटसुलट केले आणि म्हणाली, "ठीक आहे. दोघी द्या."

लेकीला आनंद आवरेना. ती आईच्या गळ्यात पडली, तिच्या केसांत तोंड खुपसून रडली. मान वर केली तेव्हा तिच्या गालावर काळा पट्टा उमटला होता.

मालकीण खो खो हसली. तिने अत्तर लावलेला रुमाल काढला, धोबिणीच्या भांगावरून फिरवला आणि दलालाच्या अंगावर फेकला. "मला फसवता होय? पोरगी तेवढी गाडीत बसवा."

"बाईसाहेब, मी कपडे असे धुते, एकदा बघा तरी..." धोबीण बोलत राहिली. कुणी ऐकलं नाही. गाडीतून लेक ओरडत होती, "आई, मी मुद्दाम नाही केलं! मी मुद्दाम नाही केलं गं!"

गाडी वळणाआड गेली, तोवर दारात दुसरं गिऱ्हाईक उभं. मुकादमाने मला पुन्हा डब्यात बुचकळलं आणि धोबिणीच्या डोक्यावर रागारागाने घासलं. तिचा एक केस मुळासकट उपटून माझ्यात अडकला.

पुढे कायदा झाला, माणसं विकायला बंदी आली. वाटलं, सुटलो एकदाचा! कसचं काय! दलालाच्या मुलाने दारावरची पाटी बदलली आणि करारावर मजूर धाडायला सुरुवात केली, समुद्रापार, उसाच्या मळ्यांत. मळेवाल्यांनाही तरणीच माणसं हवी होती. मग डबा तोच, काजळी तीच. मिशीला काजळी लावून घेताना एका सुताराने विचारलं, "करार संपला की परत पाठवतील ना?" नवा मुकादम म्हणाला, "पाठवतील की!" आणि पाठ वळवून हसला. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आता मी संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे : 'बुटांचा ब्रश. उत्तम स्थितीत.' उत्तम म्हणे! काल सफाईवाल्या मावशींनी कपाट उघडलं. "अगंबाई, केस अडकलाय की," म्हणत त्या तो ओढायला गेल्या आणि थबकल्या. केस टोकाला काळा आणि मुळाशी पांढरा होता. मावशींनी आपल्या कपाळावरच्या कलप उतरलेल्या बटेला हात लावला. मग मला हळूच जागेवर ठेवलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी म्हणतो, आमची निगा राखा. माझी नाही राखलीत तरी चालेल. मला खुशाल वाळवी लागू द्या. पण तो केस तेवढा जपा. त्या पोरीला जन्मभर वाटत राहिलं असेल की आपल्यामुळेच आई दुरावली. कुणीतरी तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं, की बाळा, तू काहीच केलं नव्हतंस, तू फक्त आईला मिठी मारली होतीस.