दोघींचं आकाश

त्रिशला ऑस्ट्रेलियात रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून निपाणीत ताटावर बसताना तारामती आधी बोटांवर हिशेब करायची, पोरीकडं आता किती वाजले असतील.

एकदा त्रिशला फोनवर म्हणाली, "आई, बुधवारी तुमच्या दुपारी तीनला आमची दुर्बीण आणि तिकडची नारायणगावजवळची, दोघी एकाच दीर्घिकेकडं बघणार. दोघींचं एकत्र जुळवलं की लई बारीक दिसतं. दोघींत जितकं अंतर जास्त, तितकं बारीक."

बुधवारी पहाटे तारामतीनं पिशवी भरली.

"तिथं जाऊन काय दिसणार हाय?" भूपाल, तिचा नवरा, म्हणाला.

"ती बघंल तिकडं मी बी बघते."

पुण्यात गाडी बदलून ती दोनला तिथं पोचली. फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, "मावशी, फोन बंद ठेवा. त्याच्या लहरींनी कामात अडथळा येतो." तिनं फोन बंद केला आणि कुंपणाबाहेर बाभळीखाली उभी राहिली. तीनच्या सुमाराला आतली दुर्बिणीची अवाढव्य थाळी हळूहळू फिरून थांबली. तारामतीनंही तोंड तिकडंच केलं. निळ्या आभाळात काहीच नव्हतं, तरी ती हलली नाही. रात्री न जेवण्याचा नेम होता, म्हणून सूर्य बुडायच्या आत तिनं तिथंच चटणी-भाकरी खाल्ली.

नारायणगावच्या स्टँडवर तिनं फोन लावला.

"आई, आज काहीच जमलं न्हाई गं. वारा लई सुटला, आमची दुर्बीण बंद ठेवावी लागली."

"म्हंजे हितली एकटीच बघत हुती?"

"हितली म्हंजे? तू कुठं हाईस?"

तारामतीनं सांगितलं.

"उगं गेलीस गं," त्रिशला म्हणाली.

"उगं न्हवं. तू हुतीस असं समजूनच उभी हुते."

तीन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न झाला, आणि दोन्हीकडची नोंद जुळवायला आणखी काही दिवस गेले. मग त्रिशलानं एक चित्र पाठवलं. खाली खरखरीत रेघ आणि मधोमध एक उंच टोक.

"ह्यात तारा कुठाय?" तारामतीनं फोनवर विचारलं.

"तारा न्हवं आई. दोघींनी एकच गोष्ट बघितली, त्याची ही खूण."

तारामती त्या टोकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दिवाळीला येतीस काय?"

"सुट्टीचं बघते."

"बघ," तारामती म्हणाली. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.