लाल ठिपक्याचे सेल

"लागला! लागला!"

बोगद्याच्या तोंडाशी जमलेल्या चाळीसेक माणसांनी टाळ्या पिटल्या. उजेडमहाराजांनी मेलेला सेल पाच मिनिटं मुठीत धरून पुटपुटत टॉर्चमध्ये घातला होता, आणि आतल्या काळ्या भिंतीवर लख्ख झोत पडला होता. पंपवाला तर रडायलाच लागला.

माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माझा नवरा सकाळी सातला गळती तपासायला याच बोगद्यात गेला होता. नऊला आतले दिवे गेले. दोन वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता, आणि आत पाणी चढत होतं. त्याच्याजवळ एकच टॉर्च होता. त्यातला सेलही महाराजांच्या हातचा.

मी इथल्या भांडारात आहे. टॉर्चचे लिथियम सेल चार्ज करते, मीटरवर मोजते. चार्ज करूनही टिकत नाही त्या सेलला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावते आणि पत्र्याच्या डब्यात टाकते, म्हणजे कोणी चुकून वापरू नये. पण महिन्याभरापासून मुकादमाला नवे सेल नकोच झाले होते. महाराज मेलेले जिवंत करत होते ना!

आता त्याच सेलांवर चार माणसं शोधायला आत निघाली होती. मी टॉर्च हिसकावून उघडला. सेलवर लाल ठिपका, अर्धा खरवडलेला.

"हा माझ्या डब्यातला आहे!"

"महाराजांनी त्याला नवा जन्म दिलाय," मुकादम म्हणाला. "वहिनी, गप्प बसा. तुमच्याच माणसासाठी चाललंय हे."

महाराज गोड हसले. "शंकेखोराच्या हातात सेल थंडच राहतो, ताई."

वाद घालायला वेळ नव्हता, आणि त्यांना तसंच जाऊ दिलं तर पाचही जण आत अडकणार होते. मी टॉर्च पुन्हा लावून पंपवाल्याच्या हातात दिला. "हा बंद करू नकोस." मग धावत जाऊन डब्यातून एक ठिपक्याचा सेल आणला आणि सरळ काखेत धरला. मंत्र नाही की तंत्र नाही. घड्याळाकडे बघत उभी राहिले. आयुष्यात इतकी लांब पाच मिनिटं मी काढलेली नाहीत.

तिसऱ्या मिनिटाला महाराजांचा टॉर्च पिवळा पडला. चौथ्याला विझला. पाचव्याला मी काखेतला सेल त्यात घातला. लख्ख उजेड! टाळी मात्र कोणी वाजवली नाही. थोड्या वेळात तोही गेला.

"थकलेल्या सेलला विश्रांती दिली की जराशी धुगधुगी परत येते," मी ओरडून सांगितलं. "अंगाची ऊब मिळाली की आणखी थोडी. मोठा टॉर्च ती घटकाभरात ओढून संपवतो. जायला एक तास, यायला एक तास. चार मिनिटांच्या उजेडात कुठवर जाल?"

माझ्या कपाटात आठ सेल होते. एकाच कंपनीचे, एकत्र घेतलेले, वरचं आवरण धड असलेले, त्याच सकाळी मोजलेले. सकाळी नवऱ्यापुढे मी हेच धरले होते, तेव्हा मुकादमानेच ते परत ठेवायला लावले होते. आता त्याने स्वतः पळत जाऊन आणले. महाराज तोवर कधी सटकले, कोणालाच कळलं नाही.

साडेपाचला माझ्या नवऱ्याला स्ट्रेचरवरून आणलं. अंधारात पडून पाय मोडला होता. कमरेइतक्या पाण्यात भिंतीला धरून तो सहा तास बसला होता. माझा हात त्याने सोडलाच नाही.

"ठिपका दिसला होता गं मला," तो म्हणाला. "पण सगळे पाया पडत होते. मी एकटा काय बोलणार?"

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

म्हणून तुम्हाला सांगते. सेल कुठून आला ते विचारा. मीटरला लावून बघा. नव्या सेलबरोबर जुना घालू नका. फुगलेला किंवा आवरण फाटलेला तर हातीही धरू नका. आणि ठिपका दिसला तर बोला. सगळे पाया पडत असले तरी बोला.