बोटाने वाचलेला महिना

"नाव इथे लिहा, पत्ता त्याच्या खाली," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी सभासदत्वाचा फॉर्म पुढे सरकवला.

कंपाउंडरने तो झरझर भरला. अक्षर त्याचं मुळातच वळणदार. इस्पितळाच्या औषधखिडकीवर एकतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून ते आणखी घोटीव झालं होतं.

"एकदा वाचून बघा. सगळं बरोबर आहे ना?"

त्याने कागदाकडे पाहिलं. स्वतःच्या हाताने आत्ता लिहिलेलं स्वतःचं नाव. शाईसुद्धा वाळली नव्हती. आणि त्यातलं एकही अक्षर त्याला लागत नव्हतं. रेघा होत्या, गाठी होत्या, काने होते, नाव नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"कोणतं पुस्तक देऊ?"

"मोठ्या अक्षरांचं. मजकूर थोडा असलेलं."

"नातवासाठी का?"

"हो," तो म्हणाला. त्याला मूलबाळ नव्हतं.

आठवडाभरापूर्वी खिडकीत उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मेंदूतली बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली, असं निदान झालं. हातपाय शाबूत राहिले, जीभही शाबूत राहिली. चौथ्या दिवशी त्याने वर्तमानपत्र उघडलं, तेव्हा काय गेलं ते कळलं.

"लिहिता येतं, बोलता येतं, मग वाचताच का येत नाही?" बायकोने इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"डोळे चांगले आहेत, अक्षरंही डोक्यात आहेत. मधली वाट बुजलीय. सरावाने थोडी मोकळी होते, सगळी होईलच असं नाही. रोज वाचायला बसा. एका महिन्याने मी तपासते. जमलं तर खिडकीवर जा. नाही जमलं तर मला तुम्हाला गोदामात पाठवावं लागेल. खोकी उतरवायची, लावायची."

गोदामात त्याला जायचं नव्हतं. खिडकीवरच्या लोकांना त्याने एवढंच कळवलं, की चक्कर आली होती, महिनाभर विश्रांती सांगितली आहे.

बायको घरी शिवणकाम करायची. दुपारी ती मशीन थांबवून हातशिलाईचं काम मांडीवर घ्यायची आणि तो समोर पुस्तक घेऊन बसायचा.

"बदक... पाण्यात... उतरलं," त्याने पहिल्या दिवशी वाचलं.

"कुठे उतरलंय? 'काठावर उभं राहिलं' असं आहे. चित्र बघून ठोकून देऊ नका."

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक चित्रावर कापडाचा एकेक तुकडा टाचला. आता फक्त ओळी उरल्या. अर्ध्या तासात दोन शब्द झाले. त्याने पुस्तक मिटून बाजूला आपटलं.

"चार वर्षांची पोरं वाचतात हे."

"मग तुम्हीही वाचा," ती टाका न सोडता म्हणाली.

सहाव्या दिवशी एका अक्षरापाशी तो अडून बसला होता. चिडून चिडून त्याचं बोट गुडघ्यावर ते अक्षर नकळत गिरवत होतं. वरून आडवी रेघ, मग गाठ, मग खाली दांडी. आणि एकदम तोंडातून निघालं, "म." पुढचं गिरवलं, "ग." डोळ्यांना जे सांगता येत नव्हतं ते बोटाला ठाऊक होतं. एकतीस वर्षं लिहिलेलं त्याच्यातच साठून राहिलं होतं.

"मगर," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती म्हणाली, "पुढे."

त्या आठवड्यात बदकाचं पुस्तक संपलं. दुसऱ्या आठवड्यात मधमाश्यांवरचं संपलं; रोजचं एक पान व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने शंभरेक पानांची कादंबरी काउंटरवर ठेवली, तेव्हा ग्रंथपालबाई हसल्या.

"तुमचा नातू भलताच लवकर मोठा झाला."

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने खरं ते सांगून टाकलं. बाईंनी परतीची तारीख पुस्तकात घालताना ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यानंतर कधी त्याला काही वाचून बघायला सांगितलं नाही.

कादंबरी एका नाव वल्हवणाऱ्या विधवेची होती. नदीला पूर येत चालला होता, पलीकडच्या काठावर तिची लेक अडकली होती. कंपाउंडरने जन्मात कादंबरी वाचली नव्हती. वाचणं म्हणजे औषधाचं नाव आणि मुदत संपायची तारीख. पुढे काय होणार या काळजीने माणसाचा घास अडतो हे त्याला नवीनच होतं. पण दिवसाला सहाच पानं व्हायची आणि महिना सरत आला होता. रोज सकाळी दाढी करताना आपण वेगाने वाचतोय की नुसतं तसं वाटतंय, हे त्याला कळत नसे, आणि वस्तरा गालावर थांबून राही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद समोर ठेवला. त्याचा डावा हात टेबलावर होता. उजवा टेबलाखाली, मांडीवर. त्याने वाचलं. सावकाश, पण एकही चूक न करता.

"वेळ लागतोय. पण येतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कामावर रुजू व्हायच्या दाखल्यावर सही केली. टेबलाखालच्या हाताबद्दल तो काही बोलला नाही.

तो थेट खिडकीवरच गेला. त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आता चाळिशीला टेकलेली सहकारीण एकटी झुंजत होती.

"आलात दादा? बरं झालं. ही रांग बघा."

पहिल्या चार चिठ्ठ्या त्याने कमरेशी बोट फिरवत वाचल्या. रांग हलेना. "संध्याकाळ करणार वाटतं," मागून कोणीतरी बोललं. त्याने वेग वाढवला. पाचवी चिठ्ठी एका म्हातारीची होती. त्याने गोळ्यांची पाकिटं पुढे ठेवली.

"बाबा, माझी गोळी पिवळी असते. ही पांढरी कशी?"

कंपनी बदलली की रंग बदलतो, असं तो रोज पन्नास जणांना सांगत आला होता. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं. पण त्याने चिठ्ठी पुन्हा जवळ घेतली आणि बोट टेकवलं. पहिली तीन अक्षरं तीच होती. चौथं वेगळं होतं. तिची गोळी रक्तदाबाची होती; त्याने दिली होती ती साखर उतरवणारी. दिवसातून दोनदा.

त्याने पाकिटं बदलली. म्हातारी पिशवीत औषध टाकून निघून गेली. सहकारीण पाठमोरी होती. कोणाला काही कळलं नव्हतं.

"खिडकी सांभाळ," तो तिला म्हणाला. "मी वर जाऊन येतो."

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने दाखला ठेवला.

"हा परत घ्या. मी बोटाने वाचतो. गिरवून. तुमच्यासमोरही तसंच वाचलं, हात खाली ठेवून."

"पण बरोबर वाचलंत."

"गर्दी झाली की बोट थांबतं आणि अंदाज पुढे पळतो. आज एका बाईला भलतंच औषध दिलं होतं. तिनेच सांगितलं म्हणून."

त्यांनी दाखला आपल्याकडे ओढून घेतला. "तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला समजलं नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच आलो."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"गोदाम कुठे आहे?"

"तळघरात. गार असतं तिथे."

ती उठली आणि कपाटातून त्याचा जाड सदरा शोधायला लागली. शोधायला तिला फार वेळ लागला. तो तिच्या पाठीकडे पाहत बसून राहिला.

पुढच्या आठवड्यात, गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या स्वतःच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. तो बाहेरच्या बाजूने येऊन रांगेत उभा राहिला. सहकारिणीने खिडकीतून पाहिलं.

"दादा, तुम्ही आतून या की."

"इथेच बरं आहे," तो म्हणाला आणि त्याने काखेतली कादंबरी उघडली. शेवटचं पान उरलं होतं. विधवेची नाव पुराच्या मध्यावर होती, काठाला बांधलेला दोर ताणला होता. त्याचं बोट उघड उघड, सगळ्यांसमोर, कागदावर फिरत होतं. पुढची माणसं एकेक करून निघून गेली. खिडकीसमोर जागा रिकामी झाली.

"चला, तुमचा नंबर," मागचा माणूस म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे," कंपाउंडर मान वर न करता म्हणाला. "माझ्या दोन ओळी राहिल्यात."