शून्य क्रमांकाचं गाव

हिम्मतराव औराडकरांनी पुराच्या गणिताची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमांचा संच, फोरट्रान या संगणकाच्या भाषेत लिहायला घेतली, तेव्हा इंदुमती शाळेत होती. धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या कोणत्या गावात पाणी किती चढेल, हे ती लायब्ररी सांगे. पण दरवाजांचा क्रमही कोडातच लिहिलेला. तो बदलायचा तर आत शिरून बदल करा, सगळं पुन्हा कंपाइल करा, म्हणजे यंत्राला कळेल असं उतरवून घ्या. आणि ते धड जमे एकट्या हिम्मतरावांना.

शहाण्णवच्या सुमारास पाटबंधारे खात्यात माणसं कमी करण्याचं वारं आलं आणि हिम्मतरावांनी स्वेच्छानिवृत्तीचा कागद भरला. एव्हाना त्यांच्या हाताखाली कामाला लागलेल्या इंदुमतीला घोर लागला, की यांच्यामागे दरवाजांचा क्रम बदलणार कोण. कोठीतून जुनी पुस्तकं आणून ती एक छोटी स्क्रिप्ट भाषा शिकली.

"साहेब, तुमच्या गणिताला हात लावणार नाही," ती म्हणाली. "ही भाषा लायब्ररीच्या पोटात बसवते. दरवाजांचा हुकूम दोन ओळींत द्यायचा. कंपाइल करायला नको, गणित तुमचंच चालेल."

हिम्मतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"बसवा बाई. पण दोन भाषा जिथं भेटतात, तिथं मला धाक वाटतो. आपलंच बघा, घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू. मधल्या मधे काय सांडलं ते कुणाला दिसत नाही."

इंदुमतीने काम नेटानं केलं. खालच्या मोठ्या गावांचे जुने आकडे नव्या आकड्यांशी ताडून पाहिले, ते तंतोतंत जुळले. हिम्मतराव घरी बसले.

पुढच्या श्रावणात वरून पाण्याचा लोंढा आला. धरणावरच्या इंजिनियरने सकाळी फोनवर दरवाजांचा नवा क्रम सांगितला. तिनं दोन ओळी बदलल्या आणि चहा निवायच्या आत गावांची पातळी हाती आली. बिनतारी संदेश सुटले. कचेरीत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

दुपारी नकाशावर आकडे भरताना तिचं बोट धरणाखालच्या पहिल्याच गावावर थांबलं. एर्रगुट्टा. त्याच्यासमोर आकडाच नव्हता. तिनं आपल्या ओळी पुन्हा काढून पाहिल्या. फोरट्रान यादी एकपासून मोजते, ही नवी भाषा शून्यापासून. हाताच्या जुन्या सवयीनं तिनं गावांची मोजणी एकपासून सुरू केली होती. एर्रगुट्टा शून्यावर राहून गेलं होतं.

तिनं स्वतः संदेश दिला. गाव टेकडीवर चढलं, पण पाणी वेशीत आलेलंच होतं. म्हैस सोडायला मागे फिरलेल्या पोचम्माचा देह सापडला तो तिसऱ्या दिवशी.

इंदुमतीने हिम्मतरावांना घरी जाऊन सगळं सांगितलं. आपण बजावलं होतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. चपला घालत एवढंच म्हणाले, "चला, त्या घरी जाऊन येऊ. मी पण येतो."

पोचम्माचा मुलगा मल्लय्या ओसरीत बसला होता. त्यानं तेलुगूत विचारलं, "अम्मा, तुमच्या मशीननं आमच्या गावाचं काय सांगितलं होतं?"

सोबत आलेला कारकून घाईनं म्हणू लागला, की नदीच अचानक चढली. इंदुमतीने त्याला हातानं थांबवलं.

"काही सांगितलं नाही," ती तेलुगूतच म्हणाली. "मी तुमच्या गावाचं विचारलंच नव्हतं. चूक मशीनची नाही, माझी आहे."

शिवी येईल, हात उगारला जाईल, असं तिला वाटलं. मल्लय्या उठून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. ती तिघं अंगणातूनच परत फिरली.

चौकशीत तिनं हेच लिहून दिलं. बढती थांबली, बदलीही झाली असती. पण ती भाषा कळणारं दुसरं कुणी खात्यात नव्हतं. हिम्मतराव बिनपगारी येऊ लागले. त्यांनी खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि म्हणाले, "पहिल्या ओळीपासून वाचा, बाई. मला समजेपर्यंत पुढं जायचं नाही."

ती वाचू लागली. तिसऱ्याच ओळीला त्यांनी तिला थांबवलं, "ही कळली नाही. पुन्हा सांगा."